बटणचं औषध कोण देणार

टाचण्या ओठांत धरून बोलायची सवय, म्हणून सगळी गल्ली तिला टाचणी म्हणते. कपडे बेतणं, उसवणं, सैल-घट्ट करून देणं हे तिचं काम. पुढच्या खोलीत खिडकीला लागून मशीन, आणि गिऱ्हाईकाला उभं करायला एक ठेंगणं स्टूल. कापताना ती नेहमी अर्धं बोट कापड जास्त सोडते. माणूस सुटतो, कापड आटतं, हात चुकतो. थोडं शिल्लक असलेलं बरं. या सवयीपायी बारा वर्षांत तिच्या हातून एकही कपडा आखूड झाला नाही, आणि हे ती नव्या गिऱ्हाईकाला न विचारता सांगते.

तिची मुलगी बटण अडीच वर्षांची. बटणला सिकलसेल आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि मग एखाद्या दिवशी पोरीचे हातपाय सुजून इतके ठणकतात की अंगावरची चादरसुद्धा सोसत नाही. तशी दुखणी कमी व्हावीत म्हणून रोज सकाळी सातला एक पातळ औषध. हातमोजे घालायचे, बिनसुईच्या सिरिंजमध्ये दोनच्या रेघेपर्यंत भरायचं आणि तोंडात सोडायचं.

सांगायला सोपं. बटण दात असे आवळायची की चिमट्यानंच उघडावे लागतील. उघडलेच तर औषध गालात साठवायची, आई वळली की फुर्र करून उडवायची. टाचणीनं लाडीगोडी लावून पाहिली, गाणी म्हटली, डोळे वटारले. एकदा एका शिक्षिकेच्या शिवायला आलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर अख्खा डोस गेला. रोज थोडंफार सांडणारच हे ठरल्यावर टाचणीनं तिच्या परीनं उपाय काढला: रेघेच्या वर थोडं जास्त भरायचं. अर्धं बोट. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही.

मग नणंद राहायला आली. नणंद जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस. तिच्या खोलीचं छत दुरुस्तीला काढलं होतं, म्हणून दोनेक महिने भावाकडे. तिसऱ्या दिवशी सकाळचा तो गोंधळ बघून तिनं चहाचा कप ठेवला, मोजे चढवले आणि म्हणाली, आण इकडे. बटणला मांडीवर आडवी न घेता बसती घेतली, सिरिंजचं टोक गालाच्या कोपऱ्यात सरकवलं, थेंबथेंब सोडलं आणि शेवटी नाकावर हलकी फुंकर मारली. बटण दचकली, गिळून बसली आणि खुदकन हसली. म्हणाली, "आत्या, अजून."

अजून. टाचणीला तो शब्द मशीनची सुई बोटात जावी तसा गेला.

त्या दिवसापासून सातला बटण स्वतःच स्टूलवर चढून आत्याची वाट बघायला लागली. नणंद काही टेंभा मिरवत नव्हती, तेच जास्त खुपायचं. टेंभा मिरवला असता तर निदान दोन शब्द सुनावता आले असते. टाचणी मशीनवर बसून कान तिकडे लावायची. दिवसभरात बटण किती वेळा "आत्या" म्हणते आणि किती वेळा "आई", हे ती मोजायची, आणि आकडा आवडला नाही की पुन्हा मोजायची. एकदा एका पँटचे दोन्ही पाय तिनं एकमेकांना शिवून टाकले.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, शांत माणूस. त्याला तिनं विचारलं, माझी पोर काय मांजर आहे का? तो म्हणाला, मांजरं ताईला ओरबाडतात, बटण ओरबाडत नाही, म्हणजे काम सोपंच आहे की. त्यावर ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

सिरिंज भरायचं काम मात्र तिनं सोडलं नाही. मी भरणार, तुम्ही द्या, असं तिनं नणंदेला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तेवढंच तिच्या हातात उरलं होतं. आणि भरताना ती रेघेच्या वर भरत राहिली. नणंदेच्या हातून थेंब सांडत नाही हे तिला रोज डोळ्यांनी दिसत होतं. पण कमी भरायचं म्हणजे ते कबूल करायचं, आणि तेवढं मन काही होईना.

पाच आठवड्यांनी रक्ततपासणी झाली. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. पांढऱ्या पेशी फार उतरल्या होत्या. या औषधानं असं होऊ शकतं, पण एवढं व्हायला नको होतं. औषध कोण देतं, असं त्यांनी विचारलं. नवऱ्यानं बहिणीकडे पाहिलं. सांडलं म्हणून पुन्हा दिलं का, चुकून दिवसातून दोनदा गेलं का, असे प्रश्न सुरू झाले. नणंद म्हणाली, सिरिंजमध्ये असतं तेवढंच देते. नवऱ्यानं हळूच विचारलं, "ताई, तुमच्या दवाखान्यात अंदाजानं देतात ना? तसं काही..."

नणंदेचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

आणि टाचणीला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. आता नुसतं गप्प बसायचं, उद्या सातला स्टूलसमोर आपणच.

डॉक्टरांनी पेन उघडलं. म्हणाले, दोनवरच असं होत असेल तर मात्रा उतरवून बघू. टाचणी त्या पेनाकडे बघत राहिली. माप चुकीचं लिहिलं की पुढचं सगळं कापड चुकतं, हे तिच्याइतकं त्या खोलीत कुणाला कळत होतं? बटणला कमी औषध जाईल, मग पुन्हा ते सुजलेले हात.

"लिहू नका," ती म्हणाली. "भरते मी. रेघेच्या वर भरते. रोज."

किती वर, ते तिनं सिरिंजवर नखानं दाखवलं. नर्सनं कपाळाला हात लावला. सांडलं ते सांडलं, त्याच्यासाठी वरून भरायचं नाही, असं तिनं तीनदा बजावलं. औषध दोन आठवडे बंद, ताप आला तर तडक घेऊन यायचं, पेशी वर आल्या की पुन्हा दोनच्या रेघेवर. आणि जो भरेल त्यानंच द्यायचं. नवऱ्यानं "ताई" म्हणायला तोंड उघडलं.

"मी," टाचणी म्हणाली.

म्हणून बसली खरी, पण मग शिकायला हवं होतं. तीन दिवस तिनं कळ काढली. चौथ्या दिवशी वाटीत साधं पाणी आणि सिरिंज घेऊन नणंदेसमोर बसली. चुकलं माझं, असं वाटीकडे बघत म्हणाली. नणंद उठली. दुधाचं पातेलं उतरवून आली, मग म्हणाली, "कोपर खाली घे. इस्त्री नाही फिरवायची." आणि जरा थांबून, "मला वाटायचं, तुला सगळंच आहे. पोरगी दुखलं की तुझ्या गळ्यात पडते. मी उचलायला गेले तर लाथा मारते. मला आपली सकाळची पाच मिनिटं."

टाचणीला हे ऐकून इतका आनंद झाला की तिनं तो लपवायचाही प्रयत्न केला नाही. पाण्याची सिरिंज दहा वेळा भरली, दहा वेळा रिकामी केली. बटण दोघींच्या मधे बसून, भरपूर पाणी पिऊन, दोघींना भिजवत होती.

दोन आठवड्यांनी तपासणी चांगली आली. पहिल्या सकाळी टाचणीनं मोजे घातले, रेघ डोळ्यासमोर धरून बरोबर दोनपर्यंत भरलं. गालाचा कोपरा, थेंबथेंब, फुंकर. बटणनं गिळलं. एक थेंब मात्र ओठांवरून हनुवटीवर आला. टाचणीचा हात बाटलीकडे गेला, तिथंच थांबला. मग तिनं झाकण घट्ट फिरवलं, मोजे उलटे करून काढले आणि हनुवटी पुसली.

नणंद पिशवी खांद्याला लावून दारात उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. कामाला उशीर होत होता, पाय निघत नव्हता. बटणनं तिच्याकडे बघून हात हलवला. टाचणीच्या छातीत पुन्हा ते टोचलं, तसंच, जराही कमी नाही.

"रविवारी तुम्ही द्या," ती म्हणाली. "भरायचंही तुम्हीच. मी बघणारसुद्धा नाही."

"रविवार आणि बुधवार," नणंद म्हणाली.

"नुसता रविवार, ताई."