निघून येणारा रंग

लातूरच्या ट्यूशन एरियात उज्वलाचं दुकान म्हणजे एक शटर आणि एक टेबल. नवऱ्यामागं तिनं त्याचं नंबरप्लेटचं काम धरून ठेवलं होतं, पण गाड्यांना कंपनीच्याच प्लेटा येऊ लागल्या आणि ते काम आटलं. मग क्लासची पोरं लॅपटॉप रंगवायला आणू लागली. सगळ्यांची अट एकच, रंग पुन्हा निघाला पाहिजे. पुढं लॅपटॉप विकायचा असायचा, नाहीतर धाकट्या भावाला द्यायचा असायचा.

असा रंग सापडेपर्यंत तिनं बरंच वाया घालवलं. ऑइलपेंट निघेना. थिनर लावलं तर खालचं प्लास्टिकच चिकट होऊन पांढरं पडलं. पोस्टर कलर घामेजल्या हाताला लागायचा. शेवटी रबराचा स्प्रे जमला. जाड थर दिला की कातडं धरतो आणि उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा निघून येतो. फक्त आधी प्लास्टिक साबणाच्या पाण्यानं नीट पुसायचं. जरा जरी तेलकटपणा राहिला, तर रंग तेवढ्या जागी धरत नाही.

मलप्पा उन्हाळ्याच्या तोंडाशी पहिल्यांदा आला. स्वच्छ पांढरा शर्ट, मऊ बोलणं. उदगीरकडचा आहे, जुने लॅपटॉप घेतो-विकतो, असं त्यानं सांगितलं. त्याला काळा रंग हवा होता, नंतर सोलता येईल असा. उज्वलानं त्याचे दोन लॅपटॉप रंगवून दिले. दोन्हींवरचे स्टिकर घाईनं खरवडलेले होते. तिला ते खटकलं, पण तिनं विचारलं नाही.

मग एका सकाळी किल्लारीचे दगडोबा लेकीला घेऊन आले. राजकन्या मेडिकलच्या परीक्षेची तयारी करत होती. होस्टेलवरून तिचा लॅपटॉप चोरीला गेला होता. बापलेक दुकान दुकान हिंडून विचारत होते. झाकणाच्या कोपऱ्यात कंपासच्या टोकानं आपलं नाव कोरलंय, असं राजकन्येनं सांगितलं. उज्वला मान हलवत राहिली. ते गेल्यावर तिला ते खरवडलेले स्टिकर आठवले आणि हातातला चहा तसाच निवला.

त्याच आठवड्यात मलप्पानं तिसरा लॅपटॉप टेबलावर ठेवला. तिनं तो उजेडाकडं वळवला. कोपऱ्यात बारीक, वाकडी अक्षरं होती. राजकन्या.

हा कुठून आणला, असं तिनं विचारलं. तो स्टूल ओढून बसला.

"ताई, तुमची लेक सिंधु रेणापूरच्या शाळेत शिकवती न्हाई का? बसमधी सगळ्यात मागं बसती. पोरीच्या जातीनं पुढं बसावं."

मग त्यानं लॅपटॉप तिच्याकडं सरकवला. "अक्षरं बुजली पाहिजेत."

नाही म्हणायची तिची छाती झाली नाही. पोलिसांत जावं, तर आधीचे दोन तिनंच रंगवले होते. तिनं फडकं भिजवलं आणि सगळं झाकण पुसून काढलं. तो टक लावून बघत होता. कपाळावर आलेले केस मागं सारल्यासारखं करत तिनं अंगठा तेल लावलेल्या भांगातून फिरवला आणि झाकण धरायच्या निमित्तानं तो त्या अक्षरांवर घासला. मग स्प्रे मारला, थरावर थर. अक्षरं दिसेनाशी झाली. मलप्पानं दुसऱ्या टोकाला नख लावून बघितलं आणि समाधानानं निघून गेला.

त्यानंतर सिंधुची बस जरा उशिरा आली तरी उज्वला स्टँडवर जाऊन उभी राहायची. लेकीला काही सांगायची नाही.

पुढं दगडोबांचा फोन आला. लॅपटॉप नांदेडला सापडला होता. स्वस्तात मिळाला म्हणून एका विद्यार्थ्यानं तो घेतला होता. दुरुस्तीच्या दुकानात कोपऱ्याचा रंग उचकटून आला, नाव दिसलं, आणि हरवल्याचा मेसेज मोबाईलवर फिरत होताच. ज्या ज्या दुकानांत विचारलं होतं, त्या सगळ्यांना दगडोबा आपणहून कळवत होते. विकणारा कोण, ते त्या पोराला सांगता आलं नव्हतं.

मलप्पा भर दुपारी आला. रस्त्यावर माणूस नव्हतं.

"रंग निघाला, ताई."

उज्वलानं हातातला स्प्रे खाली ठेवला.

"सगळा न्हाई. एका कोपऱ्यातच." त्यानं पिशवीतून नवा लॅपटॉप काढून टेबलावर ठेवला. "ह्या बारीला नीट पुसा. मी संध्याकाळी येतो."

तो कोपऱ्यावर वळेपर्यंत ती बसून राहिली. मग लॅपटॉप ओढणीत गुंडाळून सरळ पोलीस चौकीत गेली आणि आधीच्या तिन्हींसकट सगळं सांगितलं. तिनं काही गाळलं नाही. संध्याकाळी साध्या कपड्यातले दोघं दुकानासमोर उभे राहिले. मलप्पा आलाच नाही. त्याचा नंबर बंद लागला आणि उदगीरला त्या नावाचा असा माणूस कुणाला माहीत नव्हता.

सिंधुनं शाळेतून रजा घेतली. उज्वलानं तिला निलंग्याला मावशीकडं धाडलं. स्वतःही जावं, असं तिला फार वाटत होतं. पण तो पुन्हा आला तर इथंच येईल, दुकान चालू ठेवा, असं चौकीतल्या साहेबांनी सांगितलं. पहिले काही दिवस समोर शिपाई असायचा. मग तोही दिसेनासा झाला.

उज्वला रोज शटर उघडते. लॅपटॉप आणणाऱ्याकडं आधी बिल मागते, त्यामुळं गिऱ्हाईक कमी झालंय. रंगवताना पाठ दाराकडं होऊ नये म्हणून तिनं टेबल फिरवून घेतलंय. कुणी नुसतंच येऊन उंबऱ्यात थांबलं, की तिचा स्प्रेवरचा हात थांबतो.