कोशरावांचा हरायचा गुरुवार

कोशराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, चालताबोलता ज्ञानकोश म्हणून ऑफिसने ठेवलेलं. खरं नाव आता फक्त पगारपत्रकात उरलं होतं, आणि ते वाचायची वेळ महिन्यातून एकदाच यायची. विमा कंपनीच्या शाखेत ते रेकॉर्ड रूम सांभाळायचे. तळमजल्यावरची बोगद्यासारखी लांबट खोली, दोन्ही बाजूंना लोखंडी रॅक, त्यांवर सुतळीने बांधलेले फायलींचे गठ्ठे आणि शेवटाला एक टेबल. कोणी नुसता पॉलिसीचा नंबर सांगितला की हे खुर्चीतून न उठता म्हणायचे, "डावीकडे, चौथा रॅक, खालून दुसरा कप्पा. गठ्ठ्याची सुतळी जरा सैल आहे, जपून काढा."

त्यांच्या वडिलांचं रद्दीचं दुकान होतं. शाळेतून आलं की वर्तमानपत्रं एकीकडे, मासिकं एकीकडे, पुस्तकं एकीकडे लावायची हे मुलाचं काम. लावता लावता पोरगं वाचायचं, आणि वाचलेलं डोक्यातून जायचं नाही. बाकीच्या मुलांच्या डोक्यातून सगळं गेलं, ती मुलं पुढे मोठमोठ्या हुद्द्यांवर चढली. यांच्या डोक्यात सगळं राहिलं आणि हे तळमजल्यावर राहिले.

स्वभाव म्हणाल तर नाकासमोर चालणारा. नको तितका भिडस्त. दुकानदाराने पिचका आंबा दिला तरी 'असू द्या' म्हणून घरी आणणारा माणूस. भीड ही भिकेची बहीण असं आपल्याकडे म्हणतात, आणि या बहिणीने कोशरावांच्या घरी कायमचा मुक्काम ठोकला होता.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोला दुसऱ्या गावी शाळेत कायमची नोकरी लागली. बसने सहा तास. इतकी चांगली नोकरी सोडणं वेडेपणा होता, म्हणून ती पाच वर्षांच्या मुलीला घेऊन गेली. "वर्षभरात माझी बदली होईल," कोशराव म्हणाले. कंपनीची शाखा त्या गावातही होती. त्यांनी अर्ज केला. शाखेच्या मोठ्या साहेबांची शिफारस लागत होती, ती पहिल्या वर्षी मिळाली नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज केला, पुन्हा तेच. महिन्यातून दोनदा ते बसने जायचे आणि दुसऱ्या दिवशी परत यायचे. मुलीचे दुधाचे दात पडले ते त्यांनी फोनवर पाहिले. मागच्या खेपेला त्यांनी दारात चपला काढल्या, तर मुलीने ताटलीत पाण्याचा पेला ठेवून आणला आणि म्हणाली, "बसा ना." पाहुण्याला म्हणावं तसं. बायकोने हसण्यावारी नेलं. कोशरावांनी पाणी पिऊन पेला पुन्हा ताटलीत ठेवला.

आता तिकडच्या शाखेतला रेकॉर्ड रूमचा माणूस निवृत्त होत होता. जागा एकच. अर्ज साहेबांच्या टेबलावर तीन आठवडे पडून होता आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता मुदत संपत होती. त्यानंतर ती जागा नवा माणूस घेऊन भरणार, म्हणजे मग निवृत्तीपर्यंत विसरायची.

साहेब सही का करत नव्हते, हे शाखेतल्या शिपायालाही ठाऊक होतं. कारण होतं गुरुवार.

दर गुरुवारी संध्याकाळी सहा ते आठ, ऑफिससमोरच्या स्पोर्ट्स बारमध्ये प्रश्नमंजूषा असायची. भिंतींवर काचेत बसवलेल्या खेळाडूंच्या जर्सी, चारी कोपऱ्यांत टीव्ही, चारीवर वेगवेगळे सामने आणि चारींचा आवाज बंद. एका सामन्यात गोल व्हायचा, तोंडं उघडायची, आणि ऐकू मात्र यायचं, "प्रश्न अकरावा!" कारण माइक प्रश्न विचारणाऱ्या पोराच्या हातात. पोरगा दिवसा त्याच बारचा हिशेब बघायचा आणि गुरुवारी सोनेरी जाकीट घालायचा. प्रत्येक टेबलावर एक कागद, एक पेन्सिल. तीस प्रश्न झाले की कागद शेजारच्या टेबलाला तपासायला द्यायचा.

साहेबांच्या संघाचं नाव 'विम्याचे वाघ'. वाघ एकूण तीन. स्वतः साहेब, निवृत्तीला आलेल्या कॅशियर मॅडम आणि कोशराव. यातला एक वाघ लिंबू सोडा पिऊन सगळी उत्तरं द्यायचा, दुसरा ती लिहून घ्यायचा, आणि मॅडम खारे दाणे खायच्या. गेल्या दोन वर्षांत वाघ फार तर चारदा हरले असतील. जिंकले की सोनेरी जाकीट माइकवर साहेबांचं नाव घ्यायचं, अख्खा बार टाळ्या वाजवायचा, आणि साहेब उभे राहून लाजल्यासारखं करायचे. ऑफिसात ते कोशरावांना 'तुम्ही' म्हणायचे, बारमध्ये दुसऱ्या ग्लासानंतर 'तू'. हा बढतीचा एकमेव प्रकार होता जो कोशरावांच्या वाट्याला आला.

बुधवारी फोनवर बायकोने विचारलं, "सही?"

"अजून नाही."

"विचारलंत का तोंडाने?"

"अर्ज दिलाय ना. त्यात सगळं लिहिलंय."

बायकोने सुस्कारा टाकला. मग म्हणाली, "अहो, एक काम करा. उद्या हरा."

"म्हणजे?"

"म्हणजे चुकीची उत्तरं द्या. सगळी. धडधडीत. त्यांना वाटू दे की हा आता कामातून गेला. हरणाऱ्या घोड्याला कोण बांधून ठेवतं?"

कोशरावांना ते पटलं. इतकं सोपं कसं सुचलं नाही, असं वाटलं. कोणाला काही म्हणायला नको, कोणाचा राग घ्यायला नको, सुंठीवाचून खोकला जाईल. भिडस्त माणसाला असलेच उपाय आवडतात.

गुरुवारी सहाला ते जाऊन बसले. त्यांची जागा ठरलेली होती, भिंतीला लागून असलेल्या सोफ्याच्या आतल्या कोपऱ्यात. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला साहेब, समोर घट्ट स्क्रूने बसवलेलं टेबल. साध्या कामासाठी उठायचं तरी साहेबांना उठवावं लागे, म्हणून कोशराव दोन तास उठत नसत. शेजारच्या टेबलावर दातांच्या डॉक्टरांचा संघ होता. त्यांना सगळे 'दातवाले' म्हणत. ते नेहमी दुसरे यायचे आणि हसताना फार दात दाखवायचे.

"प्रश्न पहिला. तीन हृदयं असलेला प्राणी कोणता?"

साहेबांची पेन्सिल तयार. कोशरावांच्या जिभेवर ऑक्टोपस येऊन बसला होता. त्यांनी तो गिळला. "जिराफ," ते म्हणाले.

"जिराफ?" मॅडमचा दाणा तोंडाशी थांबला. "अहो, ऑक्टोपस ना? माझ्या नातवालासुद्धा येतं."

"मान लांब असते ना," कोशराव म्हणाले. "रक्त वर चढवायला."

साहेबांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि कागदावर ठळक अक्षरात 'जिराफ' लिहिलं. "कोशराव म्हणतात म्हणजे असणार," ते म्हणाले.

ज्याचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा असतो तो ग्रह कोणता? शुक्र. कोशराव म्हणाले, नेपच्यून. साहेबांनी नेपच्यून लिहिलं. लोकांना वाटतं चुकीचं उत्तर देणं सोपं असतं. ज्याला उत्तर येत नाही त्याला ते सोपं असतं. यांना मात्र आधी खरं उत्तर दिसायचं, वर्तमानपत्राचं पान दिसायचं, पानावरचा चहाचा डागसुद्धा दिसायचा. त्याकडे पाठ फिरवून काहीतरी भलतं शोधायचं, आणि तेही चेहरा सरळ ठेवून. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. बाराव्या प्रश्नापर्यंत त्यांचा शर्ट पाठीला चिकटला.

मॅडम आता कोशरावांकडे टक लावून पाहत होत्या. पंचेचाळीस वर्षांच्या बाप्याच्या कपाळावर पंख्याखाली घाम कशाने येतो, हे कॅशच्या खिडकीत आयुष्य घालवलेल्या बाईला कळायला वेळ लागत नाही. त्यांनी दाण्यांची बशी हळूच त्यांच्याकडे सरकवली.

"प्रश्न एकोणतिसावा. बुद्धिबळाच्या पटावर लहानमोठे सगळे धरून एकूण चौरस किती?"

दातवाल्यांच्या टेबलावर कुजबुज सुरू झाली. कोशरावांचे ओठ हलले. दोनशे चार. हा प्रश्न त्यांच्या जिवाभावाचा होता. वयाच्या नवव्या वर्षी रद्दीच्या ढिगावर बसून, विटेच्या तुकड्याने जमिनीवर पट काढून त्यांनी तो मोजून सोडवला होता, आणि वडिलांनी गिऱ्हाईकाला थांबवून ते ऐकलं होतं. त्यांनी डोळे मिटले.

"चौसष्ट," ते म्हणाले.

साहेबांची पेन्सिल हवेत थांबली. मग त्यांनी सावकाश लिहिलं, चौसष्ट.

कागद तपासून आले तेव्हा 'विम्याचे वाघ' तिसांपैकी सहा गुणांवर शेवटून पहिले होते. ते सहाही खेळाचे प्रश्न होते, साहेबांना स्वतःला येणारे. दातवाले जिंकले. बारमध्ये हशा पिकला. कोणीतरी ओरडलं, "वाघांची मांजरं झाली!" सोनेरी जाकिटाने माइकवर दातवाल्यांच्या म्होरक्याचं नाव घेतलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम पर्स उचलून उठल्या, जाताना कोशरावांकडे पाहून म्हणाल्या, "आता तरी बोला," आणि गेल्या.

कोशराव वाट पाहत बसले. आता रागावतील. आता म्हणतील, संपलास तू. आज घरी गेल्यावर बायकोला काय सांगायचं, मुलीचं टेबल खिडकीजवळ लावायचं की दाराजवळ, इथपर्यंत त्यांचा विचार पोचला होता.

साहेबांनी ग्लास संपवला. "दोनशे चार," ते म्हणाले.

"काय?"

"पटावरचे चौरस. गेल्या पावसाळ्यात तूच शिकवलंस मला, याच टेबलावर, टिश्यू पेपरवर आकृती काढून. एकेका घराचे चौसष्ट, दोन बाय दोनाचे एकोणपन्नास, असं करत. घरी जाऊन मी सुनेला विचारलं. तिला आलं नाही. किती बरं वाटलं मला."

कोशराव त्यांच्याकडे वळले. "मग तुम्ही चौसष्ट का लिहिलंत?"

"तुला हरायचं होतं, तर म्हटलं हरू." साहेब हसले. "जिराफालाच कळलं होतं मला. मी काय इतका ढ आहे? चालतंय रे. दर गुरुवारी हर. मला जिंकण्याचं काही नाही."

जिंकण्याच्या ज्या दोरीने बांधलंय असं वाटत होतं ती कापून झाली, आणि कोशराव जागच्या जागी. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तोंड उघडून विचारलं, "साहेब, उद्या पाचपर्यंत मुदत आहे. सही करणार आहात का?"

साहेबांनी समोरच्या टीव्हीकडे पाहिलं. तिथे कोणीतरी पळत होतं.

"नाही," ते म्हणाले. "खोटं बोलत नाही तुझ्याशी. तीन आठवडे रोज पेन हातात घेतो. घरी माझ्या सात माणसं आहेत कोशराव, भरलेलं घर. मी आत शिरलो की टीव्हीचा आवाज वाढवतात. मी काही विचारलं तर म्हणतात, तुम्हाला नाही कळायचं. आठवड्यात एक दिवस माझ्याशेजारी कोणीतरी बसतं आणि मला काहीतरी सांगतं. तू गेलास तर मी गुरुवारी कुठं जाऊ?"

"माझी मुलगी..." कोशराव म्हणाले.

"माहीत आहे. वाईट माणूस आहे मी. शिव्या घाल हवं तर."

या माणसाचा राग यायला हवा होता, आणि तो आलाही. गळ्यापर्यंत आला. पण साहेबांचे डोळे भरले होते, आणि ते लपवायला ते रिकामा ग्लास पुन्हा तोंडाला लावत होते. कोशराव म्हणाले, "असू द्या, साहेब."

म्हणून झाल्यावर त्यांना ऐकू आलं की आपण काय म्हणालो. साहेबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी कोशरावांचा हात दोन्ही हातांत धरला, एक लिंबू सोडा आणखी मागवला आणि पुढच्या गुरुवारी दातवाल्यांना कसं लोळवायचं ते सांगायला लागले.

सव्वाआठला कोशराव बसस्टॉपवर उभे होते. फोन वाजला.

"हरलात?" बायकोचा आवाज उत्साहाने चिरकला होता.

"हरलो. सहा गुण."

"शाब्बास! मग? सहीचं काय म्हणाले?"

"नाही म्हणाले."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग तिने अगदी हळू विचारलं, "आणि तुम्ही काय म्हणालात?"

कोशराव फोन कानाला लावून उभे राहिले. त्यांची बस आली, थांबली, निघून गेली.

"अहो? ऐकू येतंय ना?"

"येतंय," कोशराव म्हणाले.