गाइडच्या बाईंचा डावा हात

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. जिथे चुकलं असेल तिथे तुम्हीच सुधारून वाचा.

शाळेत मुलींचं स्काउट-गाइडचं पथक चालवणाऱ्या गाइडच्या बाई कुणालाही भेटल्या की आधी डावा हात पुढे करायच्या. एवढं सांगितलं तरी पीसीओवर रुपया टाकून फोन करायच्या दिवसांत भाईंदर पश्चिमेला राहिलेल्या कितीतरी जणांना त्या आठवतील. बुटक्या, ताठ चालीच्या, गळ्यात स्कार्फ आणि शिट्टी.

मला तो हात पहिल्यांदा दिसला शाळेच्या फाटकात. माझी सुजाता तेव्हा सातवीत होती. बाई हसत आल्या आणि डावा हात माझ्यापुढे आला. आमच्या माणसांना असले हात माहीत आहेत. लांबून पाणी ओतणारे, पैसे खाली ठेवायला लावणारे. मी माझे हात पदराखाली घेतले आणि तशीच घरी आले.

घरी सांगितलं तर सुजाता पोट धरून हसली. "अगं आई, गाइडमध्ये डावाच हात मिळवतात. काळीज त्या बाजूला असतं ना!"

मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी फाटकाशी घुटमळले, तर बाईंनी पुन्हा डावाच हात पुढे केला. जसं काल काही घडलंच नव्हतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर पाण्याच्या टाकीच्या सावलीत मुली गोल करून बसायच्या. मी सुजाताला न्यायला मुद्दाम लवकर जायची आणि भिंतीला टेकून ऐकायची. बाई सांगायच्या, विलायतेत आधी हे सगळं मुलग्यांसाठीच होतं. त्यांच्या एका मोठ्या मेळाव्यात थोड्या मुली न बोलावता जाऊन उभ्या राहिल्या. आम्हालाही घ्या म्हणाल्या. तिथून मुलींची चळवळ निघाली. आपल्या देशात आली तीही आधी गोऱ्यांच्या मुलींपुरतीच.

"मग आपल्या मुलींना कुणी बोलावलं, बाई?" एका मुलीने विचारलं.

"कुणी नाही. बोलावण्याची वाट बघितली असती तर अजून बाहेरच बसल्या असत्या." मग भिंतीकडे बघून, "काय ताई? तिथून ऐकू येतं का? या की गोलात."

मी कधी गेले नाही.

हे कामाला होते ते हाटकेशमधलं कारखान्याचं युनिट बंद पडलं आणि त्याच वर्षी शिबिर आलं. डोंगरात, तंबूत राहायचं. नवा गणवेश, बूट, शिबिराची फी. मी घरी खोट्या मोत्यांच्या माळा ओवायची, त्यात हे बसणारं नव्हतं. "मला नाहीच जायचं," सुजाता म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून स्कार्फची घडी घालत बसली. घातलेली घडी मोडायची, परत घालायची.

बाई स्वतः खोलीवर आल्या. पैसे पुढे केले.

"बाई, दान नको," मी म्हटलं.

"दान कोण देतंय? उसने आहेत. सगळे परत हवेत मला." गाइडच्या मुली खरी कमाई करतात. म्हणजे लोकांची छोटी कामं करायची आणि मिळतील ते पैसे पथकाला द्यायचे. "तशी तुम्ही करा," बाई म्हणाल्या. "सवड मागा, देईन. सूट मागू नका."

पोर गेली. परत आली ती काळवंडून, घसा बसवून, शिट्टी वाजवत जिना चढली. शेजारची भाभी म्हणाली, "ये तो लडका बनके आयी!"

"नहीं भाभी, लडकी गयी थी, लडकीही आयी," सुजाता म्हणाली. हे बोलणं बाईंचंच, मला लगेच ओळखू आलं.

मी दर महिन्याला थोडे थोडे देत राहिले. एकदा चुकलं तर बाईंनी बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ताई, या महिन्यात?" मला वाईट वाटलं नाही. ज्याच्याकडून परत मिळेल असं वाटतं, त्यालाच माणूस विचारतो.

थोडे राहिले होते तेव्हा बाई निवृत्त झाल्या. मग कानावर आलं, त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पैसे साठवून रुमालात बांधलेले होते, पण बोलावलं नसताना बाईंच्या एवढ्या मोठ्या बिल्डिंगमध्ये कसं जायचं? किती दिवस मी भाजी आणताना त्या रस्त्याने जायची आणि खालूनच परत फिरायची. एक दिवस टाकीच्या सावलीत ऐकलेल्या, न बोलावता गेलेल्या त्या मुली आठवल्या, आणि मी जिना चढले.

दार सुनेने उघडलं. रुमाल बघून म्हणाली, "अहो, राहू द्या आता. त्यांना कुठे काय समजतंय!"

पलंगावरून बाईंनी घशातून असा आवाज काढला की सून दारातून बाजूला झाली. उजवा हात चादरीवर नुसता पडून होता. डावा पुढे आला.

सून ओशाळली. "डाव्या हाताने घेतायत, राग मानू नका हं. उजवा चालत नाही ना."

मी आधी माझा डावा हात त्यांच्या हातात दिला, मग पैसे ठेवले. बाईंनी नोटा पोटावर पसरल्या आणि बोटाने एकेक सरकवत मोजल्या. मोजून झाल्यावर माझ्याकडे बघितलं. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळला.

"सगळे."

"सगळे, बाई," मी म्हटलं.