पेटीतली बिल्टी

केजच्या गॅरेजवाल्या चाचांनी त्यांचा ट्रक मला पहिल्यांदा दिला, तेव्हा किल्लीच्या आधी कागदांची फाईल हातात ठेवली.

"गाडी कुणी बी चालवतंय बेटा. कागद सांभाळ. पोच घेऊन आलास तर गाडी तुझ्याकडंच राहील, न्हाई तर किल्ली परत."

माल कुणाचा, कुठं चाललाय, हे लिहिलेली ती बिल्टी. माल उतरला की तिच्या एका प्रतीवर घेणाऱ्याने सही-शिक्का द्यायचा, ती पोच. एवढं मला कळलं होतं. जिनिंगमधून कापसाच्या गाठी भरून निघालो. वाटेत युसूफ वडगावला घरी जेवायला थांबलो. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, "बघू दे कागद" म्हणून फाईल नेली आणि मी आंघोळ करून येईपर्यंत परत सीटवर ठेवली.

सोलापूरजवळच्या सूतगिरणीच्या खिडकीत मी ती ऐटीत सरकवली. कारकुनाने उघडली आणि माझ्याकडे पाहिलं.

"झेरॉक्स आहेत ह्या सगळ्या. असल बिल्टी आण. शिक्का तिच्यावरच मारणार."

घरी फोन लावला. अण्णा शांतपणे म्हणाले, "असल पेटीत हाय. असल कागद कुणाच्या हातात द्यायचा नसतो."

तहसीलला वर्षानुवर्षे खेटे घालून माणूस एवढंच शिकला होता. माझं डोकंच फिरलं. "अण्णा, तुमी माझी नोकरी घालवली! एसटीच्या ड्रायव्हरकडं द्या ते कागद, लगेच!"

"त्याच्याकडं? न्हाई. मीच येतो."

संध्याकाळी गेट बंद होणार होतं आणि दुसऱ्या दिवशी गिरणीला सुट्टी. मी ट्रकभोवती फेऱ्या मारल्या. आवळलेले दोर पुन्हा आवळले. चहा मागवला आणि तसाच ठेवला. चाचांचा फोन वाजला, तो उचलायची हिंमत झाली नाही. माझ्यामागून आलेल्या गाड्या रिकाम्या होऊन निघून जात होत्या, आणि प्रत्येक गाडीगणिक मी अण्णांवर जास्तच चिडत होतो.

गेट बंद व्हायच्या बेतात असताना अण्णा रिक्षातून उतरले. कागद सदऱ्याच्या आत, पोटाशी धरलेले. घामाने चिंब. शिव्या तोंडावर आल्या होत्या, त्या गिळल्या. मी हात पुढे केला, पण ते थेट खिडकीशी गेले. कारकुनाने कागद ओढला, अण्णांनी दुसरं टोक सोडलं नाही.

"सोडा आजोबा, नोंद करून गाडी आत घ्यायचीय."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "द्या अण्णा. ह्यो कागद दिल्याबिगर चालत न्हाई."

त्यांनी बोटं सोडली. मग गाठी उतरून शिक्का पडेपर्यंत त्यांनी खिडकीवरची नजर हलवली नाही.

परतताना पोच त्यांच्याच मांडीवर होती. केज जवळ आलं तसे ते चुळबुळ करू लागले.

"ही आता चाचाला द्यायची?"

"व्हय. असलच द्यावी लागती."

 स्टँडजवळ ते म्हणाले, "थांबव जरा. एक झेरॉक्स काढून घेतो."

ती झेरॉक्स आजही आमच्या पेटीत आहे, सातबाराच्या वर ठेवलेली.