अक्षतची अडीच वर्षं

सुचित्रा देशकर निवृत्त झाली, तेव्हा मिशिगनमधल्या ट्रॉय गावातल्या मैत्रिणींनी तिला भजनाच्या ग्रुपमध्ये ओढायचा बराच प्रयत्न केला. ती गेली नाही. अठ्ठावीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासून झालं होतं. आता तिला काहीतरी शिकायचं होतं. तिने कम्युनिटी कॉलेजात मानसशास्त्राचा कोर्स घेतला. बाकीची मुलं विशीतली. पहिल्या दिवशी त्यांना तीच प्रोफेसर वाटली होती.

ऑक्टोबरात असाइनमेंट मिळाली. माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे वर्गात शिकवून झाले होते. आता आपलं स्वतःचं आयुष्य त्या टप्प्यांप्रमाणे लिहायचं होतं, काय मिळालं आणि काय राहून गेलं ते.

बालपण तिने एका बैठकीत लिहून काढलं. अकोल्याचं घर, ताप आला की रात्रभर उशाशी बसणारी आई. तरुणपणही झालं. राजारामशी लग्न, मिशिगनमधला पहिला हिवाळा, परक्या भाषेत दिलेल्या परीक्षा. सातव्या टप्प्यावर मात्र ती अडली. पुढच्या पिढीला आपण काय दिलं, असा तिथला प्रश्न होता. तिने अक्षतचं नाव लिहिलं आणि पुस्तकाचं पहिलं प्रकरण परत उघडलं. आपल्या माणसांवर विसंबता येतं की नाही, हे बाळाला पहिल्या वर्ष-दीड वर्षातच कळतं, असं तिथे छापलं होतं.

अक्षत आठ महिन्यांचा असताना तिने त्याला नागपूरला पाठवलं होतं. बाळंतपणाला आलेल्या सासूबाईंची परत जायची वेळ झाली होती, राजाराम कारखान्यात दोन-दोन पाळ्या करत होता, तिची लॅबमधल्या कामाच्या लायसन्सची परीक्षा तोंडावर होती. सहा महिने नेते, असं सासूबाई म्हणाल्या. त्या सहा महिन्यांची अडीच वर्षं झाली. त्या काळी ओळखीतल्या चार घरांनी हेच केलं होतं, त्यामुळे कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

रविवारी दुपारी तिने अक्षतला फोन लावला. तो आता एकतीस वर्षांचा, दूर पश्चिम किनाऱ्याकडे बॉथेलला सॉफ्टवेअरमध्ये. बायको मोनाला सातवा महिना लागला होता. तो नेहमीसारखाच नीट, अदबीने बोलला. तिने असाइनमेंटचं सांगितलं आणि नागपूरहून परत आल्यावरचं काही आठवतं का, म्हणून विचारलं.

तो म्हणाला, "शूज आठवतात. मी शूज घालून झोपायचो."

"हो रे, किती हट्ट करायचास. तू झोपलास की मी हळूच काढून ठेवायचे."

"हट्ट नव्हता, आई. मला वाटायचं, आजी मला घ्यायला येईल. रेडी राहायला हवं."

एवढी वर्षं सुचित्रा हा किस्सा पाहुण्यांना हसत हसत सांगत आली होती. तिने माफी मागितली. इट्स ओके, इट वॉज लाँग अगो, असं तो म्हणाला, आणि खरोखर प्रेमाने म्हणाला. तेच तिला जास्त लागलं.

मग धीर करून ती म्हणाली, "मी येऊ का बाळंतपणाला? सहा महिने राहते. तुम्ही दोघं कामाला गेलात, तरी मी बघेन बाळाला."

"नको, आई. आम्ही आलटून पालटून लीव्ह घेतोय. बेबीला कुणाकडे ठेवायचं नाही, असं ठरवलंय." आणि तिला वाईट वाटू नये म्हणून त्याने पुढे जोडलं, "नॉट जस्ट यू."

सातव्या टप्प्याखाली तिने शेवटी जे घडलं ते जसंच्या तसं लिहिलं, स्वतःची बाजू न मांडता. प्रोफेसरांनी चांगली ग्रेड दिली. तिने तो कागद राजारामला वाचायला दिला. वाचून तो गॅरेजमध्ये गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

डिसेंबरात नात झाली. तिचं नाव वल्लरी ठेवलं. मे महिन्यात सुचित्रा आणि राजाराम चार दिवस बॉथेलला गेले. अक्षतने स्वतःहून बाळ सुचित्राच्या मांडीवर दिलं. वल्लरीने तिच्याकडे टक लावून पाहिलं, ओठ काढले आणि रडायला लागली. एरवी सुचित्राने तिला थोपटून पाहिलं असतं, खांद्यावर घेऊन दोन फेऱ्या मारल्या असत्या. तिने तसं काही केलं नाही. ती उठली आणि बाळ अक्षतच्या हातात दिलं. ते लगेच शांत झालं.


"बघ, तुला ओळखते," ती म्हणाली, आणि पाणी प्यायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेली.