जंगूने नाक्यावर खरं सांगितलं

जंगू कोडापेची गाडी अख्खा पावसाळा वनखात्याच्या आवारात उभी होती. चोरी केली म्हणून नव्हे. त्याने नाक्यावर उतरून खरं सांगितलं म्हणून. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या भागात अजून लोक म्हणतात, "काहीतरी केलं असन त्यानं." काही केलं नव्हतं. मी तिथे होतो. त्या बांबूला माझाही खांदा लागला होता.

मी हरिदास. आधी बांबूच्या डेपोत, मग कोळशाच्या रेल्वे सायडिंगवर भरणीचं काम केलं. आता राजुऱ्याहून तेलंगणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या माझ्या गावात राहतो. जंगू वरच्या डोंगरपट्टीतला. घरी गोंडी, आमच्याशी मराठी, सीमेपलीकडे तेलुगू. आधी दुसऱ्याच्या ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर, मग स्वतःची जुनी सहाचाकी.

मी पुष्कळ ड्रायव्हर पाहिले. आम्ही भरत असताना बहुतेक जण केबिनमध्ये पाय वर करून झोपतात, आणि वाटेत माल सरकला की हमालाला शिव्या देतात. जंगू झोपत नसे. बांबूचे बुडखे केबिनकडे आहेत की नाही ते पाही. दोर स्वतः ओढी. बंडल खालून भिरकावून टाकणाऱ्या एका जवान हमालाला त्याने गाडीवरून खाली उतरवलं होतं. "फेकाचंच असन तं घरी जाऊन फेक," म्हणाला. तोंडाचा तो कडूच. पण काम पक्कं, म्हणून मी त्याच्यासोबत भरायला कधी नाही म्हटलं नाही.

वनखात्याच्या नाक्यावरही त्याची एक पद्धत होती. दांडा वर असो की खाली, गाडी बाजूला लावून तो उतरणार, गाडीत काय आहे, कुठून आलं, कुठे चाललं ते तोंडाने सांगणार आणि मगच पुढे जाणार. दुसरे ड्रायव्हर हसत. "जंगूचं कीर्तन झालं की आपला नंबर," म्हणत.

त्या वर्षी उन्हाळ्यात धानोऱ्याकडच्या एका ग्रामसभेने आपला बांबू सीमेपलीकडच्या व्यापाऱ्याला दिला. जंगलावर त्या गावाचा हक्क आहे, त्यामुळे वाहतुकीचा पास ग्रामसभेच्याच सहीशिक्क्याचा होता. पासवर गाडीचा नंबर होता धनराजच्या ट्रकचा. धनराज धानोऱ्याचाच. आमच्या गावाच्या पुलाजवळ त्या ट्रकचा एक्सल तुटला. ट्रक एका बाजूला कलला आणि निम्मा रस्ता अडला.

जंगू मका आणायला रिकामी गाडी घेऊन पलीकडे चालला होता. तो थांबला. या रस्त्याची रीत अशी आहे की मोडलेल्या गाडीचा माल रस्त्यावर टाकायचा नाही. रिकामी गाडी आली की तिने तो घ्यायचा. याला आम्ही पलटी करणं म्हणतो.

"हरिदासभाऊ, मानसं आना," जंगूने हाक मारली. "पलटी करू."

"पासवर याच्या गाडीचा नंबर हाय," मी म्हटलं.

"नाक्यावर सांगून देऊ ना," धनराज म्हणाला. "पह्यले असंच तं होत होतं."

होत होतं, हे खरं. गुणवंतराव नाक्यावर होते तोवर ते यायचे, दोर हाताने ओढून बघायचे, पासच्या मागे पेनाने नवा नंबर लिहायचे आणि सही करायचे. ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी पास तपासणारं मशीन आलं. आम्ही सगळे मात्र अजून हेच धरून चाललो होतो, की सांगितलं म्हणजे झालं. वनखात्याचं राजुऱ्याचं ऑफिस रविवार म्हणून बंद होतं.

पलटी हा शब्द कागदावर अर्ध्या ओळीत मावतो. लांब बांबू कललेल्या ट्रकमधून काढायचा म्हणजे आधी वरच्या बाजूचे दोर सोडायचे. खालचे सोडले तर सगळा ढीग माणसावर येतो. एक जण बुडख्याला, एक शेंड्याला. शेंडा वाकतो आणि झटका खांद्यात बसतो. डांबर इतकं तापलं होतं की चप्पल चिकटत होती. जंगू आमच्याबरोबर खाली होता. धनराजही होता, तेही सांगितलं पाहिजे. सगळं भरून झाल्यावर जंगूने दोर आवळले, आणि पलीकडे उतरवायला माणूस लागणार म्हणून मी केबिनमध्ये बसलो. धनराज मोडक्या ट्रकपाशी राहिला.

नाक्यावर दांडा वर होता. पुढच्या गाड्या थांबतच नव्हत्या. खुर्चीवर वनरक्षक खुशबू मॅडम बसल्या होत्या. त्यांनी आम्हालाही हातानेच जा म्हटलं. जंगूने गाडी बाजूला घेतली.

"जा ना भाऊ, काऊन थांबला?"

"सांगाचं हाय मॅडम. बांबू हाय, ग्रामसभेचा. पासवर गाडी दुसरी हाय, तिचा एक्सल तुटला. आमी पलटी केली. माह्या गाडीचा नंबर लिहून घ्या."

मॅडमनी पास घेतला, आमच्या गाडीचा नंबर मशीनमध्ये टाकला. मशीन लाल झालं.

"जुळून नाई राह्यला."

"जुळन कसा? म्हनून तं सांगून राह्यलो."

"आता लिहाचं नसते, भाऊ. गाडी बदलली तं माल हलवाच्या आधी कळवाचं, पासवर नंबर बदलून घ्याचा, मंग निघाचं."

"हापिस बंद हाय आज."

"मंग उद्या निघाचं."

"अन् तवरिक माल रस्त्यावर? अन् कोनी मोटारसायकलवाला येऊन धडकला तं?"

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "तुमी सरळ गेले असते तं मी काय मांगं धावनार होती? आता नंबर मशीनमध्ये गेला. आता माह्या हातात काईच नाई."

बाई वाईट नव्हत्या. तरी हे वाक्य मला आजही सहन होत नाही. न सांगणारे डोळ्यांदेखत निघून जात होते. जो सांगायला उतरला त्याचं पाऊल पुढे पडेना.

वनखात्याचे साहेब आले. पंचनामा झाला. बिनपरवाना वाहतूक, असं लिहिलं. चावी काढून घेतली आणि गाडी आवारात नेऊन लावली.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेतून सोमारी आली. वयाने मोठी, नाकात नथनी, आवाज जंगलात हाक मारायचा असतो तसा. सोबत वाहतूक-पासांचं पुस्तक आणि शिक्का. तिने साहेबांसमोर पासची स्थळप्रत ठेवली.

"बांबू आमचा. जंगल आमचं. चोरी झाली असती तं आमची झाली असती. आमी म्हनून राह्यलो, नाई झाली. मंग तुमाले काऊन वाटून राह्यली?"

"तुमचा माल तुम्ही घेऊन जा, बाई."

"अन् याची गाडी?"

"तो वेगळा विषय आहे."

माल खरा ठरला. नवा पास निघाला, दुसरा ट्रक आला. आम्हीच पुन्हा तो बांबू उतरवला आणि पुन्हा भरला. माल सुटला आणि माल वाहणारा अडकला. यातला कायदा मला कोणी समजावून सांगितला नाही. मी विचारला होता.

सुटायला रस्ता होता. गुन्हा कबूल म्हणून सही करायची, दंड भरायचा, गाडी घेऊन जायची. सगळ्यांनी जंगूला तेच सांगितलं. साहेबांनीही सांगितलं, आणि तेही उपकार केल्यासारखं.

"कबूल काय करू?" जंगू म्हणाला. "बांबू चोरला, हे कबूल करू? का धनराजचा एक्सल मी तोडला?"

त्याची बायको दुर्गा त्याच्यावर भडकली. "सही करून टाक अन् गाडी आन. तुह्या खऱ्याची भाकर करून खाऊ का आमी?"

"मंग चोराची बायको म्हनून घेशीन?"

"मले कोनी म्हनून तं पाहू दे!"

सही त्याने केली नाही. दुसऱ्यांच्या गाड्या चालवत राहिला. आपल्या गाडीसाठी सुनावणी मागितली. सुनावणीत एक गोष्ट सिद्ध करायची होती, की पलटी खरंच झाली. आम्ही हमाल साक्ष द्यायला तयार होतो. आम्हाला सांगितलं, ज्याची गाडी मोडली त्याला आणा.

आणि धनराज येईना. त्याच्या ट्रकचं फिटनेस सर्टिफिकेट संपलेलं होतं. साक्ष दिली तर ते उघडं पडेल, ही भीती. फोन केला की म्हणे, "भाऊ, मी बाहेरगावी हाव." सगळा पावसाळा हा माणूस बाहेरगावीच होता. ज्याच्यासाठी आम्ही तापल्या डांबरावर खांदे सोलून घेतले त्याला राजुऱ्याला यायला जमत नव्हतं. साहेबांपेक्षा मला त्याचाच राग जास्त आला. साहेबांनी आमचं मीठ खाल्लं नव्हतं.

शेवटी जंगूच धानोऱ्याला गेला. परत आल्यावर मी विचारलं, "मारलं का त्याले?"

"नाई. दारात बसलो. तो घरीच होता. त्याच्या बायकोनं, रंजीतावहिनीनं, जेवाले वाढलं. मी जेवलो. तिनं सगळं इचारलं, मी सगळं सांगतलं. मंग ती त्याले म्हनाली, तुमी जाऊन नाई राह्यले तं मीच जाईन साक्ष द्याले."

धनराज आला. मान खाली घालून, पण बोलला सगळं. एक्सल, पूल, पलटी. साहेबांनी त्याला दोनदा विचारलं, तो दोन्ही वेळा तेच बोलला. गाडी सोडण्याचा हुकूम निघाला.

आम्ही आवारात गाडी घ्यायला गेलो, धनराजही आला. बॅटरी गायब. ताडपत्री कुजलेली. बॉनेटमधून वेल वर आला होता आणि चाकं चिखलात रुतून बसली होती. एवढ्या दिवसांत कोणी चाकाखाली दगड सरकवला नाही. सरकारी जागेत सरकारी पहाऱ्यात बॅटरी जाते, त्याचा पंचनामा होत नाही.

कारकून अश्विनने कागद पुढे केला. जंगू अक्षर लावून वाचत होता. मध्येच थांबला.

"हे काय हाय? 'पुन्हा असे न करण्याची समज देऊन वाहन सोडण्यात येत आहे.'"

"ते असतेच. सही करा."

"पुना काय नाई कराचं? खरं नाई सांगाचं? का मोडल्या गाडीचा माल नाई घ्याचा? कोन्तं ते लिहा ना."

"भाऊ, ठरलेलं वाक्य हाय ते. सगळ्याइले तेच जाते."

जंगूने पेन घेतला. सही केली आणि खाली मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं: समज मान्य नाही.

अश्विन उठून उभा राहिला. "कागद खराब केला तुमी! आता दुसरी प्रिंट काढा लागन."

"काढा."

दुसरी निघाली. जंगूने त्यावरही सही केली आणि तेच लिहिलं. बाहेरून दुर्गा ओरडली, "झालं का तुमचं? बॅटरीनं हात तुटून राह्यले माहे!" ती मेकॅनिकबरोबर नवी बॅटरी धरून उभी होती. खाली ठेवायला कोरडी जागा नव्हती.

"अजून एक काढता का?" जंगूने अश्विनला विचारलं. "मी इथीच हाव."

अश्विन आत जाऊन साहेबांशी बोलला. बाहेर आला, शिक्का आपटला आणि चावी टेबलावर टाकली. शिक्का जंगूच्या अक्षरांवर पडला, पण अक्षरं वाचता येतात. त्याची प्रत मी वाचली आहे.

बॅटरी बसवली तरी गाडी चालू होईना. जंगू केबिनमध्ये, खाली मी, दुर्गा, मेकॅनिक आणि धनराज. आम्ही ढकलत तिला चिखलातून काढली आणि फाटकाबाहेर नेली. आवारातले तिघे कर्मचारी पडवीत उभे राहून पाहत होते. एकानेही हात लावला नाही.