मुंगी का अडायची

आत्या बोलायला लागली की घरातले दचकायचे, इतकी ती कमी बोलायची. काही विचारलं तर 'हं' म्हणायची. फारच झालं तर मान हलवायची, आणि एखादी गोष्ट पटली नाही की सरळ उठून पागेत निघून जायची. भावाची मुलं मोठी होऊन घराबाहेर पडली, पण त्यांनी दिलेलं नाव मागे राहिलं. आता नालबंद, गवतवाला, जनावरांचे डॉक्टर, सगळ्यांचीच ती आत्या झाली होती.

पागा तशी लहानच. घरामागे पत्र्याची एक लांब शेड, खाली विटांची जमीन, पुढे लाकडी कठड्याचं गोल रिंगण. रिंगणाच्या एका अंगाला स्वयंपाकघराची खिडकी. चार घोड्या, त्यांची शिंगरं आणि एक म्हातारा घोडा, एवढा पसारा. गिऱ्हाइकांशी बोलायचं आणि घोडी शिकवायचं काम मोठ्या भावाचं, म्हणजे दादांचं. दादा बोलायला लागले की समोरचा विकत घ्यायला आलेला आहे की विकायला, हे त्यालाच आठवेनासं व्हायचं. बाकी सगळं आत्याकडे. खरारा करताना घोडीची कातडी कुठे थरथरते, पाणी पिताना ती मध्येच डोकं का वर काढते, कोण कुणाशेजारी उभं राहायला कां-कूं करतं, हे तिला न बघताही कळायचं. घोडं काय म्हणतंय ते त्याच्या कानांत असतं, असं ती एकदा म्हणाली होती. वहिनी तेव्हा म्हणाल्या, "वन्सं, माणसांचेही कान असे फिरते असते तर किती बरं झालं असतं! ऐकतात की नाही ते तरी कळलं असतं."

मुंगी त्यातल्याच एका घोडीचं शिंगरू. जन्मली तेव्हा काड्यापेटीतल्या काड्यांवर उभी केल्यासारखी दिसत होती. आईला दूध नव्हतं. आत्याने तिला बाटलीवर वाढवलं. पुढे मुंगी चांगली उंचीपुरी, तांबूस, चकचकीत झाली आणि तिला शिकवायची वेळ आली. हिला आपणच शिकवायचं असं आत्याने ठरवलं होतं, तर नेमकी तीच ओल्या विटांवर घसरली आणि मनगट मोडून बसली.

"मी शिकवतो," दादा म्हणाले.

आत्याने नकारार्थी मान हलवली आणि प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून मुंगीला रिंगणात घेऊन गेली.

एका हाताने घोडं ओढता येत नाही. मग आत्या ओढेचना. थांबायचं असलं की स्वतः थांबायची, छातीतला श्वास हळूहळू सोडायची आणि त्या श्वासाबरोबर लांबट 'होऽऽ' म्हणायची. मुंगी थांबली की मानेवर हात. बस्स, एवढंच. हात बरा होईपर्यंत मुंगी त्या एका 'होऽऽ'वर अशी थांबायला लागली, की दोरीची गरजच उरली नाही. पुढे आत्या पाठीवर बसली तेव्हाही लगाम तसाच सैल.

दादांना हे पटत नव्हतं. बाकीची घोडी त्यांनी लगामाच्या हिसक्यावर शिकवलेली. "हे शिकवणं नव्हे, हे लाड," ते म्हणायचे.

आणि पुढे जे झालं त्यात तेच खरे ठरल्यासारखे दिसले. आत्याखाली लोण्यासारखी चालणारी मुंगी दादा बसले की मध्येच खांबासारखी उभी राहायची. टाच मारा, जीभ वाजवा, ढिम्म नाही. बहुतेक वेळा स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी. दादांनी ठरवलं, तिला वाळत घातलेल्या कपड्यांची भीती वाटते. दोरी दुसरीकडे बांधली. मग लाल बादली हलवली. मग खिडकीची चमकणारी काच चुन्याने रंगवली. त्यावर वहिनी म्हणाल्या, "आता भाजी चिरताना बोट चिरलं तर ते घोडीच्या नावावर लिहा." मुंगी तरीही अडतच होती. एक गिऱ्हाईक तिला घेऊन गेलं आणि आठवडाभरात परत आणून सोडलं. 'भर रस्त्यात पुतळा होते' एवढंच बोललं.

शेवटी दादांनी निर्णय सांगितला. रायडिंग स्कूलच्या बाई शनिवारी घोडी बघायला येणार होत्या. त्यांच्यासमोर नीट चालली तर ठीक. नाहीतर वीटभट्टीला घोडी पुरवणारा दलाल सोमवारी येऊन तिला घेऊन जाईल.

"अडेल घोडी मी पोसणार नाही," दादा म्हणाले. "आणि तिची पिल्लंही अडेलच निघतील. नाव जाईल आपलं."

आत्या उठली आणि पागेत गेली. मुंगीच्या गळ्याला कपाळ टेकवून उभी राहिली. भट्टीवरची घोडी तिने पाहिली होती. जोताने सोललेले खांदे तिला आठवले. दादाचं बरोबर तर नसेल? आपण एका हाताने भलतंच काही शिकवून बसलो नसू? पण काय, ते काही केल्या सापडेना.

त्याच आठवड्यात वहिनींचा घसा बसला. आवाज म्हणून फुटेना. त्या थाळीवर चमचा वाजवून सगळ्यांना जेवायला बोलवायला लागल्या. आणि नवल म्हणजे मुंगी सुतासारखी सरळ झाली. दादा रोज बसायचे, रोज ती चालायची, दुडकायची, खिडकीसमोरूनही निमूट जायची.

"बघितलंस? चुना," दादा आत्याला म्हणाले.

आत्या 'हं' म्हणाली.

शनिवारी बाई आल्या. उंच, उन्हाने रापलेल्या, कमरेवर हात ठेवून बघणाऱ्या. दादा मुंगीवर बसून फेरीमागून फेरी मारत होते आणि तोंडाने घोडीच्या सात पिढ्या सांगत होते. आत्या फाटकाला धरून उभी होती.

तेवढ्यात खिडकी उघडली. वहिनींचा घसा त्याच सकाळी मोकळा झाला होता.

"अहोऽऽ! चहा तिकडेच आणू का?"

मुंगी जागच्या जागी थांबली. दादा तिच्या मानेवर आपटले आणि लालबुंद झाले. त्यांनी टाच मारली.

"अहोऽऽ, पडाल ना!"

मुंगीने चारही पाय आणखीनच घट्ट रोवले.

"झालं," दादा म्हणाले. "सोमवारीच जाऊ दे ही."

पण आत्या दादांकडे बघतच नव्हती. अडलेलं घोडं तिने आयुष्यभर पाहिलं होतं. त्याची मान ताठ होते, कान मागे पडतात, डोळ्यांतलं पांढरं दिसतं. इथे मुंगीची मान सैल होती. एक कान खिडकीकडे वळलेला होता. ती ओठ चाटत, तोंड हलवत उभी होती. सांगितलेलं काम चोख केलं आणि आता मानेवर हात कधी पडतो याची वाट बघत असलेली घोडी अशी दिसते.

आत्या फाटक उघडून आत गेली.

"वहिनी," ती इतक्या मोठ्याने म्हणाली की नालबंद असता तर त्याने घण खाली ठेवला असता. "परत हाक मारा."

"अगं बाई! कुणाला?"

"दादाला. नेहमीसारखी. दादा, तू चालव तिला."

"आत्या, पाहुण्यांसमोर काय हे..."

"चालव म्हणते ना!"

दादांनी मुकाट्याने चालवलं. अर्धी फेरी झाली.

"अहोऽऽ!"

मुंगी थांबली.

"आता 'ऐकलंत का' म्हणा."

"ऐकलंत काऽऽ?" वहिनी ओरडल्या. मुंगी चालतच राहिली. "अहोऽऽ!" मुंगी थांबली.

आत्या मुंगीपाशी गेली आणि तिच्या मानेवर हात ठेवला.

"ती अडत नाहीये," ती म्हणाली. "मी तिला 'होऽऽ'वर थांबायला शिकवलं. मी स्वतः कधी हो म्हणतच नाही, मग माझ्या ध्यानात कसं येणार? तू रिंगणात असलास की वहिनी 'अहोऽऽ' अशी हाक मारतात, ती थांबते. तू कुणाला लांबवून 'होऽऽ, येतोऽ' म्हणतोस, तेव्हाही थांबते. तू टाच मारतोस, पण शब्द तिने आधी ऐकलेला असतो. ती शब्द पाळते."

वहिनी खिडकीतून जवळजवळ बाहेरच आल्या. "म्हणजे इतकी वर्षं या घरात माझं ऐकणारं कुणीतरी होतं, आणि तिला तुम्ही भट्टीला धाडत होतात?"

बाई कठड्याला धरून हसत सुटल्या. "अहोऽऽ, पण..." असं म्हणाल्या आणि दादांनी नुकतीच पुढे काढलेली मुंगी पुन्हा उभी राहिली. मग मात्र दादासुद्धा हसले, आणि उतरून पहिल्यांदा त्यांनी मुंगीच्या मानेवर हात ठेवला.

बाई स्वतः बसल्या. लगाम घोडीच्या मानेवर टाकून दिला, श्वास सोडला, 'होऽऽ' म्हणाल्या. मुंगी थांबली. त्यांनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. उतरल्या तेव्हा चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"माझ्याकडे काही मुलं येतात," त्या आत्याला म्हणाल्या, "हातात जोर नसलेली. लगाम ओढता येत नाही, म्हणून मी त्यांना स्वतः धरून फिरवते. एकट्याने बसू देता येईल असं घोडं मला आजवर मिळालं नाही. ही मी घेते. फक्त शब्द बदलून द्याल? माझ्याकडे सगळेच हो म्हणतात."

आत्याने थोडा विचार केला आणि ओठ फडफडवले, "ब्रर्रर्र."

"हे बरंय," वहिनी म्हणाल्या. "थंडी वाजल्याशिवाय कुणी म्हणणार नाही."

महिन्याभरात मुंगी नवा शब्द शिकली आणि गेली. आत्या पहिल्या दिवशी सोबत गेली होती. बाईंनी एका बारक्या मुलीला पाठीवर बसवलं. तिची बोटं लगामावर नुसती ठेवल्यासारखी होती. कुणीही धरलेलं नव्हतं. मुलगी सबंध रिंगण एकटी फिरली, मधोमध आली, ओठ फडफडवताना तिची थुंकी उडाली, आणि मुंगी थांबली. मुलीने दोन्ही हात वर केले आणि किंचाळली. कठड्यापाशी उभी असलेली तिची आई रडत होती. आत्याने तिला रुमाल दिला आणि मग आपल्यालाही तो लागेल हे लक्षात येऊन परत मागितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या पागेत आली तर दादा आधीच तिथे उभे. या वर्षी शिकवायचं उमदं काळं शिंगरू त्यांनी धरलं होतं. त्यांनी दोरी तिच्यापुढे केली.

"हे तूच शिकव. यापुढे सगळीच," ते म्हणाले.

आत्याने दोरी घेतली, शिंगराला परत ठाणावर बांधलं आणि भावाकडे वळली.

"आधी तू शीक," ती म्हणाली. "चल रिंगणात." मग तिने खिडकीकडे तोंड केलं. "वहिनी, तुम्हीही या. 'अहोऽऽ' तुम्हीच म्हणायचं."